मुल्कीच्या किनाऱ्यावरील तीन रात्री
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कर्नाटकातील मुल्की या गावी तीन रात्री राहून आलो. आमच्या घरातून आजवर कोणीही नुसते राहण्यासाठी म्हणून परगावी गेलेले नाही. गेलो ते कामाला, लग्नाला किंवा दवाखान्यात. त्यामुळे मी निघालो तेव्हा आजीने दोनदा विचारले, "थंय कोण आसा आपला?" तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. खरे उत्तर असे होते की, मला वडिलांनी पाठविले होते.

आमचे घर वेंगुर्ले तालुक्यात समुद्राजवळ आहे. जांभ्या दगडाचे, कौलारू, मागे नारळाची बाग आणि बागेत विहीर. वडील रापणीवर जातात. आमच्या भागात आता पर्यटक येऊ लागले आहेत, तेव्हा कौले उतरवून स्लॅब टाकावा, वर दोन खोल्या काढाव्यात आणि त्या भाड्याने द्याव्यात असा विचार घरात सुरू झाला होता. कर्जाचे कागदही घरी आले होते. माझा मामा पूर्वी मलप्याच्या बंदरात ट्रॉलरवर खलाशी होता. त्याच्या जुन्या जोडीदाराच्या घरी मुल्कीला पाहुणे उतरतात आणि तेथे म्हणे समुद्रावर फळी घेऊन खेळणारी माणसे येतात, असे त्याने सांगितले. वडील म्हणाले, "तू शिकलंस, तूच जावन बघून ये. कागदावरचा माका कळना नाय."

कोकण रेल्वे ठोकूरला संपते. त्याच्या अलीकडे सुरतकल आणि त्याच्या अलीकडे मुल्की. स्टेशनाबाहेर पडल्यावर पाट्या कानडी, बोलणे तुळू. पण आमच्या घरमालकीणबाई कोकणी बोलणाऱ्या निघाल्या आणि माझी मालवणी त्यांना बरीचशी समजली. सकाळच्या न्याहारीला नीर डोसा आला तो पाहून मी हसलोच. आमचे घावन! जेवणात उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचे तिखले. परक्या मुलुखात आलो आहे असे पोटाला तरी वाटले नाही.

शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या येथून जवळच ससिहित्लू येथे समुद्राला मिळतात. 2016 साली सर्फिंगची पहिली इंडियन ओपन स्पर्धा याच ससिहित्लूच्या किनाऱ्यावर भरली होती. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येणे म्हणजे सर्फिंग. 2021 मध्ये टोकियोला झालेल्या ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला आहे.

हा खेळ येथेच का चांगला जमतो, हे मला शिकविणाऱ्या मुलाने वाळूवर रेघा ओढून समजावले. तोही मासेमाराचाच मुलगा. मोठ्या लाटा आपल्या किनाऱ्यावर जन्मत नाहीत. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्यांना 'गरजणारे चाळीस' म्हणून पाठ करतो, ते दक्षिण गोलार्धातील वारे समुद्र घुसळतात आणि तेथून निघालेली लाट हजारो किलोमीटर चालून आपल्याकडे येते. चालते ती लाट, पाणी नव्हे. पाणी जागच्या जागी वरखाली फिरते, वाऱ्यात भात डोलते तसे. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की लाटेचा पाय अडखळतो, डोके पुढे जाते आणि ती फुटते. साधारणपणे एक मीटर उंचीची लाट सव्वा मीटरच्या आसपास खोल पाण्यात फुटते. नदीमुखाशी वाळूचे दांडे साचलेले असतात. त्यामुळे लाट एकदम सगळी न कोसळता एका टोकाकडून दुसरीकडे फुटत जाते, आणि फळीवाल्याला हवी असते ती हीच लाट. वाळू हलली की लाटेची जागाही हलते.

वेळही ठरलेली असते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतात, म्हणून ती स्वच्छ उभी राहते. दुपारी खारे वारे सुटले की सगळा समुद्र विस्कटतो. मतलई आणि खारे वारे मी परीक्षेत कितीदा लिहिले असतील! पण त्यांचा असा उपयोग मला ठाऊक नव्हता. माझ्या वडिलांना मात्र तो ठाऊक आहे. फक्त त्यांना हे शब्द ठाऊक नाहीत.

स्वतः फळीवर मी दोन आकडे मोजेपर्यंत उभा राहिलो आणि भरपूर खारे पाणी प्यालो. कोळ्याच्या पोराची ही तऱ्हा पाहून मामा किनाऱ्यावर पोट धरून हसत होता. एक गोष्ट मात्र मनात राहिली. होडी लोटताना आम्ही फुटणारी लाट चुकवतो. ती येण्याआधी पलीकडे निघून जायचे असते. ही मंडळी त्याच लाटेसाठी तासन् तास पाण्यात वाट पाहत बसलेली असतात.

आता घराविषयी. चार खोल्या, जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौले. ही कौले मूळ तेथलीच. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. खोल्यांत वातानुकूलन नाही, पंखा आहे. पण भर दुपारीही त्रास झाला नाही. तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते, आणि पश्चिमेच्या खिडकीतून खारा वारा आत येतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्या अंगावर ओततो, हे आमच्या शाळेच्या नव्या इमारतीत मी भोगलेले आहे. आंघोळीचे पाणी तांब्याच्या हंड्यात तापते, खाली नारळाची सोडणे आणि चुडते. धुराने डोळे चुरचुरतात, हेही सांगितले पाहिजे. डासही होते.

पण ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट वेगळीच आहे. या घरात शॉवर नाही. माणशी एक बादली आणि तांब्या. समुद्रावरून आलेल्यांनी अंगावरचे खारे पाणी बागेतल्या एका दगडावर उभे राहून धुवायचे, ते नारळाच्या आळ्यात जाते. स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे पाणी खडी भरलेल्या खड्ड्यातून केळी आणि अळूला जाते. विहिरीवर पंप आहे, पण तो सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळच चालतो. संडासाचे शोषखड्डे दोन; एक भरला की दुसरा, आणि बंद केलेल्या खड्ड्याचे पुढे खत होते. ते खड्डे विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला, चौथरा उंच करून बांधलेले.

पंप एवढा थोडा का, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या की, जास्त ओढले तर समुद्र आत येतो. मला ही बोलण्याची रीत वाटली. परत आल्यावर आमच्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर आकृती काढून दाखविली, तेव्हा ते शब्दशः खरे निघाले. किनाऱ्यावरच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. त्या हिशोबाने समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल, तर खाली ते सुमारे चाळीस मीटरपर्यंत असते. गीबेन आणि हर्झबर्ग या दोघा अभ्यासकांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. याची उलट बाजू भयंकर आहे. वरची पातळी एक हात खाली गेली, तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस हात वर येऊ शकते.

वाचकमित्रहो, आमच्या विहिरीचे पाणी गेली दोन वर्षे एप्रिलमध्ये मचूळ होते. चहा फाटतो, डाळ शिजत नाही. आई म्हणते, विहिरीला कोणाची तरी नजर लागली. आमच्या कुंपणापलीकडे एक लॉज झाले आहे आणि तेथे दिवसभर बोअरिंगचा पंप चालतो. दोष सगळा त्यांचाच आहे असे मी म्हणत नाही, पाऊसही कमीजास्त होतो. पण आम्हीही वर दोन खोल्या काढून तोच पंप बसविणार होतो, हे फळ्यासमोर उभा असताना माझ्या ध्यानात आले आणि हातापायांतले बळच गेले.

मुल्कीच्या घराविषयी सगळेच गोड सांगावे असे नाही. पाहुणे बंगळूरहून प्लॅस्टिकच्या बाटल्या घेऊन येतात, त्या मागच्या पडवीत पोत्यांत साठल्या होत्या. बादलीचा नियम न आवडून एक कुटुंब दुसऱ्याच दिवशी निघून गेले. म्हणजे नियमाला पैसे पडतात.

घरी येऊन मी हे सगळे सांगितले. आजी म्हणाली, "ह्या सगळा आमी जल्मभर करतंव. त्येका पैशे कित्याक?" तिचे बरोबर होते, आमच्या मोरीचे पाणीही अळूलाच जाते. वडिलांना मी 2019 ची सागरी किनारा नियमनाची अधिसूचना वाचून दाखविली. किनाऱ्यावरच्या स्थानिकांनी, मासेमारांनीसुद्धा, असलेल्या घराचा चौथरा, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता घरात पाहुणे ठेवण्याची वाट तीत आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी जाळ्याची दोरी घेतली आणि संडासापासून विहिरीपर्यंतचे अंतर मोजले. रात्री जेवताना एवढेच विचारले, "एप्रिलात ही बाव किती माणसांका पुरात?"

याचे उत्तर माझ्यापाशी नाही. म्हणून आता सुट्टीला घरी गेलो की मी रहाटाच्या दोरीला गाठ मारून पाणी मोजतो आणि पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. मी नसलो की धाकटी बहीण लिहिते. मागच्या खेपेस साडेचार हात होते. एप्रिलचा आकडा यायचा आहे. तोवर कर्जाच्या कागदावर सही करायची नाही आणि एकही कौल हलवायचे नाही, असे ठरले आहे.