टेकडी सोडून रस्त्याकाठी

इ.स. 333 मध्ये बोर्दोहून जेरुसलेमला निघालेल्या एका ख्रिस्ती यात्रेकरूने वाटेतल्या टप्प्यांची यादी लिहून ठेवली. त्याचे नाव इतिहासात राहिले नाही, यादी मात्र टिकली. तीत नीम शहराच्या अलीकडे 15 रोमन मैलांवर, म्हणजे साधारण 22 किलोमीटरवर, अम्ब्रुसम येते. यात्रेकरू त्याला शहर म्हणत नाही, मुक्कामाचे गावही म्हणत नाही. त्याच्या लेखी ती घोडे बदलण्याची जागा आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये नीम आणि माँपेलिए यांच्या दरम्यान, विदूर्ल नदीच्या काठी, व्हिलतेल गावाच्या हद्दीत हे अवशेष आहेत. नीमचे भव्य रोमन रंगमंडळ पाहायला जगभरातून लोक येतात, आणि यावेच. पण एवढे मोठे साम्राज्य रोजच्या रोज चालत कसे होते, हे मला अम्ब्रुसमसारख्या जागी अधिक उमगते. सरकारी निरोप, व्यापाऱ्यांचा माल, सैन्याची ये-जा, सगळ्यांचा भार असल्या छोट्या टप्प्यांवर होता.

मूळ वस्ती रोमनांच्या आधीची आणि टेकडीवरची. स्थानिक गॉल लोकांनी तिथे बुरुजांची दणकट तटबंदी उभारली होती. इ.स.पू. 118 च्या सुमारास ग्नेउस डोमिटियुस अहेनोबार्बुस या रोमन सेनानीने इटली आणि स्पेन यांना जमिनीवरून जोडणारा मार्ग पक्का करायला घेतला. त्याच्याच नावाने तो व्हिया डोमिटिया म्हणून ओळखला जातो. हा मार्ग अम्ब्रुसमला नदी ओलांडत होता. टेकडीवर चढणारी फरसबंदी वाट आजही पायाखाली लागते. तिच्या दगडांत गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल आहेत, की त्यात चाक अडकले तर ते वाकडे वळवणे गाडीवानाला शक्य नव्हते.

खरी गोष्ट मात्र खाली, नदीकाठी घडली. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस रस्त्याला लागून एक नवी वस्ती उभी राहिली, आणि तिथले जवळजवळ प्रत्येक बांधकाम प्रवाशाच्या गरजेतून आलेले दिसते. गाड्या आत घेता याव्यात म्हणून अंगण राखलेली सराय, थकलेल्या अंगासाठी न्हाणीघर, लोहारकामाची जागा, नदी ओलांडण्याआधी किंवा ओलांडल्यावर हात जोडायला एक देवस्थान. झाँ-लुक फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके चिकाटीने उत्खनन करून ही वस्ती उलगडली. संगमरवरी पुतळ्यांची अपेक्षा ठेवून गेलेल्याला इथे जोती आणि भिंतींचे पाये दिसतील. पण त्यांवरून गाडी कुठून आत शिरली, कुठे थांबली, माणसे कुठे उतरली, हे डोळ्यांपुढे उभे करता येते. राजवाड्याच्या अवशेषांतून सामान्य माणसाचा दिवस इतका जवळून क्वचितच दिसतो.

ही जागा सुरक्षित मुळीच नव्हती. सेव्हेन डोंगरांत पावसाळी ढग फुटले की विदूर्ल काही तासांत चढते. 2002 च्या सप्टेंबरमध्येही तिने या खोऱ्यात हाहाकार माजवला. रोमन काळातल्या रहिवाशांनी वारंवार जमिनीची पातळी उंचावली, बांध घातले आणि गाळावर पुन्हा घरे बांधली. नदीवरच्या त्यांच्या पुलाला 11 कमानी असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चित्रकार ग्युस्ताव कुर्बे यांनी 1857 मध्ये तो रंगवला, तेव्हा दोन उभ्या होत्या. 1933 च्या पुरात त्यांतली एक गेली.

एवढा त्रास सोसूनही माणसे परत टेकडीवर राहायला गेली नाहीत. उलट तटबंदीच्या आतले गाव आधी ओस पडले. पुराच्या तोंडाशी असलेली खालची वस्ती त्यानंतरही गाड्यांच्या वर्दळीवर जगत राहिली. यात्रेकरू आला तेव्हाही अम्ब्रुसमचे नाव टप्प्यांच्या यादीत होते.