ज्वारीच्या राशीतला दवाखाना

आरोग्यविमा म्हटलं की हप्ता आठवतो आणि बारीक अक्षरांतले कागद. वर्धा जिल्ह्यातल्या काही गावांनी मात्र 1980 च्या सुमारास हा हप्ता ज्वारीत भरायला सुरुवात केली. सुगी झाली, खळ्यावर रास पडली, की घरोघरची ज्वारी एकत्र गोळा व्हायची. ज्याची शेती जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीन मजुराचं माप अगदी थोडं. मग वर्षभरात त्या घरातलं कुणी अचानक आजारी पडलं, तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात उपचार मोफत. नागपूरपासून जेमतेम 75 किलोमीटरवर हे घडत होतं. आपल्या देशात आरोग्यासाठी सुचलेल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक, असं मला मनापासून वाटतं.

तिच्यामागचं गणित तर थक्क करतं. ते मांडलं डॉ. उल्हास जाजू यांनी. ते सेवाग्रामच्याच वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवायचे. पहिली अट अशी की गावातली निदान तीन चतुर्थांश घरं आली, तरच योजना लागू. कारण ज्याला आधीच ठाऊक आहे की आपल्याला दवाखाना लागणार, तेवढाच ज्वारी घेऊन आला, तर निधी पहिल्याच पावसाळ्यात संपेल. धडधाकट माणसांची ज्वारीही राशीत हवी. हा धोका टाळायला विमा कंपन्या तपासण्या मागतात आणि आजारी माणसाला बाहेर ठेवतात. इथे सगळ्या गावालाच आत घेऊन तो धोका टाळला गेला. दुसरी मेख अशी, की अचानकच्या दुखण्याला पैसे पडत नाहीत, पण नेहमीसारखं बाळंतपण किंवा मोतीबिंदू असं आधीपासून ठाऊक असलेलं काम असेल, तर खर्चाचा काही वाटा घरच्यांनी उचलायचा. शिवाय वसुलीची वेळ बघा. धान्य घरात येतं सुगीला, आणि तापाच्या साथी येतात पावसाळ्यात, जेव्हा कणगीत फारसं काही उरलेलं नसतं.

ज्वारी विकून रुग्णालयाचं बिल निघत नव्हतं, हेही सांगायला हवं. त्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन, किरकोळ औषधं असा गावातलाच खर्च भागायचा. रुग्णालयाचा मोठा भार सरकारी अनुदानावर. मग एवढा खटाटोप कशासाठी? ज्यानं माप घातलंय, तो ग्रामसभेत उभा राहून विचारू शकतो की औषध का नव्हतं, डॉक्टर का आले नाहीत. पुढे विदर्भात ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन आलं, आणि वर्गणी रोखीत घेतली जाऊ लागली.

अशी योजना सेवाग्रामलाच का रुजली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. फेब्रुवारी 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना कस्तुरबा वारल्या. तेव्हा त्याच कैदेत डॉ. सुशीला नायर होत्या. पुढे सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावानं बायका-मुलांसाठी एक छोटा दवाखाना सुरू झाला, बिर्लांच्या अतिथिगृहात, 15 खाटांचा. सुशीलाबेन 1962 ते 1967 केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. डॉक्टर खेड्यात जात नाहीत ही तक्रार दिल्लीत रोजचीच. डॉक्टर खेड्यात जात नसेल तर तो खेड्यातच घडवावा, हे त्यांनी करून दाखवलं. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 12 सप्टेंबर 1969 रोजी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. देशातलं हे पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. खर्चाची वाटणीही वेगळी ठरली: निम्मा केंद्र सरकारचा, पाव राज्याचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. ही सोसायटी नफ्यासाठी चालत नाही. आज तिथे हजाराच्या आसपास खाटा आहेत.

नागपुरात 'मेडिकल' आणि 'मेयो' या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांकडे रोगी चालत येतो. सेवाग्रामच्या मुलांना आधी त्याच्या घरी पाठवतात. प्रवेश झाला की पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहायचं, अंगावर खादी, सकाळी श्रमदान. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. त्या घरांशी शिक्षण चालू असेपर्यंत संबंध ठेवायचा. पुस्तकातला पंडुरोग वाचायच्या आधी या मुलांना तो एखाद्या चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नखांत दिसतो.

आणि खेड्यात बसून विज्ञान होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हत्तीरोगाची गोष्ट ऐकावी. याचा जंत लबाड. त्याची सूक्ष्म पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, नेमक्या डास चावण्याच्या वेळी, अंगभरच्या रक्तात उतरतात. म्हणून तपासणीवाले मध्यरात्रीच्या सुमारास झोपलेल्या माणसांना उठवून बोटाला सुई टोचायचे. सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या प्रयोगशाळेनं पिल्लांना शोधायचं सोडून दिलं आणि शरीरानं त्यांच्याविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या खुणा शोधल्या. त्या रक्तात दिवसाही असतात. त्यातून 'सेवाफिलाचेक' ही चाचणी उभी राहिली.

2005 मध्ये याच रुग्णालयातला एक अभ्यास अमेरिकेच्या 'जामा' या नामांकित नियतकालिकात आला. 726 डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि कर्मचारी तपासले गेले, आणि जवळपास निम्म्यांच्या शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग झाल्याच्या खुणा सापडल्या. यातले बहुतेक आजारी नव्हते. पण रोज खोकणाऱ्या माणसांजवळ उभं राहण्याची काय किंमत असते, हे वर्ध्याच्या आकड्यांनी जगाला दाखवलं. या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो हा, की रुग्णालयानं स्वतःच्याच माणसांवर भिंग धरलं आणि निघालेलं उत्तर लपवलं नाही.

कामाचा पसारा आता वर्धा जिल्ह्यापुरता उरलेला नाही. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यात, उतावलीला संस्थेनं सुशीलाबेनच्या नावानं रुग्णालय सुरू केलं आहे. तिथे मुख्यतः कोरकू आया आणि त्यांची बाळं येतात.