म्हातारपणाचें विस्मरण आणि पाठीच्या कण्यांतील पाणी

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, तिच्या आड एखाद्या वृद्धाचा रोग वर्षानुवर्षें झांकून राहतो हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. आजोबा एकच गोष्ट पांच वेळां विचारतात. आजींस तिन्हीसांजा अंगणांत नसलेलीं मुलें खेळतांना दिसतात. मोठे काका अलीकडे पाहुण्यांसमोर वाटेल तें बोलूं लागले आहेत. ह्या सर्वांस आपण 'म्हातारपण' हें एकच नांव देऊन मोकळे होतों. आम्हीहि साठी ओलांडली असल्यानें ह्या म्हणीविषयीं आमचें मत थोडें पक्षपाती असावयाचें. परंतु वैद्यकशास्त्र आज आमच्याच बाजूस आहे. हे रोग आहेत, आणि ते एक नव्हेत, अनेक आहेत. गीतेंतला स्मृतिभ्रंश क्रोधांतून उपजतो. ह्या स्मृतिभ्रंशाचें मूळ मात्र बहुधा मेंदूंतील बिघडलेल्या प्रथिनांत असतें.

सन १९०१ मध्यें जर्मनींतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयांत ५१ वर्षांची एक गृहिणी आणली गेली. डॉक्टर आलोइस अल्झायमर ह्यांनीं तिला पतीचें नांव विचारलें, तों तिनें स्वतःचेंच नांव सांगितलें. १९०६ मध्यें ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतांना डॉक्टरांना पेशींच्या बाहेर सांचलेलीं पुटें आणि पेशींच्या आंत तंतूंचा गुंता आढळला. रोगास पुढें त्यांचेंच नांव मिळालें. पण निदान पक्कें झालें तें रोगी गेल्यावर! पुढें कित्येक दशकें हीच स्थिति राहिली.

आतां जिवंतपणींच हा शोध घेतां येतो. मेंदू आणि पृष्ठरज्जु ह्यांच्याभोंवतीं एक निर्मळ द्रव खेळत असतो. तो एका वेळीं सुमारें १५० मिलिलिटर असतो आणि दिवसांत ५०० मिलिलिटरच्या आसपास नवा तयार होतो. कमरेच्या मण्यांमधून सुई घालून तो काढण्याची रीत जर्मन डॉक्टर क्विंके ह्यांनीं १८९१ मध्यें रूढ केली. 'पाठींतलें पाणी काढलें कीं माणूस लुळा पडतो' ही समजूत घरोघर आहे. पृष्ठरज्जु कमरेच्या वरच्या मण्यांपाशींच संपतो आणि सुई त्याच्या खालीं जाते, म्हणून ती भीति अनाठायीं आहे. कांहींचें डोकें मात्र एक-दोन दिवस दुखतें.

आजोबांचा रोग अल्झायमरचा असेल, तर ह्या पाण्यांतील 'बीटा-अमायलॉइड ४२' हें प्रथिन कमी झालेलें असतें. रोग वाढला आणि प्रथिन घटलें, हें प्रथमदर्शनीं उलटें वाटतें. पण गाळ वरच्या धरणांतच अडकला कीं खालीं पाणी निवळ यावें, तसें हें आहे. प्रथिन मेंदूंतल्या पुटांत अडकून पडतें. उलट 'टाऊ' नांवाचें दुसरें प्रथिन द्रवांत वाढतें. अमायलॉइड ४२ चें अमायलॉइड ४० शीं प्रमाण काढणाऱ्या एका चांचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें मे २०२२ मध्यें मान्यता दिली. गंमत अशी कीं, हें प्रथिन कांचेस चिकटतें. नमुना कांचेच्या नळींत घेतला तर निरोगी मनुष्यहि रोगी ठरावयाचा! म्हणून पॉलिप्रॉपिलीनचीच नळी लागते. आपल्या आज्यांनीं भांड्यांचें सोवळें पाळलें, त्याहून कडक सोवळें ह्या प्रयोगशाळांस पाळावें लागतें.

आजींची गोष्ट निराळी. मुलें किंवा जनावरें स्पष्ट दिसणें आणि त्याबरोबर अंग ताठरणें, हीं लेवी-पिंडांच्या रोगाचीं लक्षणें असूं शकतात. त्याच्या मुळाशीं असलेलें बिघडलेलें प्रथिन ओळखण्याची युक्ति म्हणजे शुद्ध विरजण होय: रोग्याच्या द्रवाचा थेंब चांगल्या प्रथिनांत टाकावा, त्यांत बिघडलेला एखादा कण असला, तर बाकीचींहि त्याच्यासारखीं वळूं लागतात. हें ओळखणें फार अगत्याचें आहे. कारण भास होतात म्हणून अशा रोग्यास हॅलोपेरिडॉलसारखें औषध दिलें, तर अंग लांकडासारखें ताठतें, शुद्ध हरपते आणि प्रसंगीं जिवावर बेततें. आजींस 'वेड लागलें' म्हणून गोळी देणारा मुलगा मातृभक्तच असतो, हेंच दुःख.

काकांच्या जातीच्या रोगांत अल्झायमरचीं चिन्हें बहुधा नसतात, केवळ मज्जातंतु झिजल्याची खूण वाढते. शिवाय एक प्रकार असा आहे कीं, ज्यांत मेंदूच्या पोकळ्यांत हाच द्रव तुंबतो. पाय जमिनीस चिकटल्यागत पडतात, लघवी आवरत नाहीं. अशा रोग्याचें ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढल्यावर त्याची चाल सुधारली, तर शस्त्रक्रियेनें गुण येण्याचा संभव असतो.

ज्यास कांहींच लक्षण नाहीं, त्यानें निव्वळ कुतूहलानें ही परीक्षा करूं नये. अमायलॉइडचीं पुटें असूनहि शेवटपर्यंत शहाणे राहिलेले वृद्ध आहेत. जीवनसत्त्व बी-१२ आणि थायरॉइड ह्यांची साधी रक्तपरीक्षा सर्वांत आधीं करावी. डॉक्टर पहिलें विचारतील तें हें: आधीं काय सुरू झालें, विसरणें, भास, स्वभावांतला पालट, कीं चालण्यांतला फरक? त्याचें उत्तर घरच्यांनीं महिन्यावारीनें लिहूनच सोबत न्यावें.