पूर ओसरल्यावर मदत कशी पोहोचते?



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या तिन्ही नद्यांनी एकाच वेळी पात्र सोडले. कोयनेचे पाणी राजापूर बंधाऱ्यावरून खाली आले, इकडे हिडकल व नविलुतीर्थ धरणांचे दरवाजे उघडले, आणि चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक या तालुक्यांतील गावेच्या गावे शाळांमध्ये मुक्कामाला आली. त्या आठवड्यात आम्ही धर्मग्रामात आवाहन केले: "घरातील जुने कपडे आणा." चार दिवसांत सभागृह भरले. टेम्पो गावी पोहोचल्यावर त्यातून सूट निघाले, पार्टीचे फ्रॉक निघाले, जोडी नसलेल्या चपला निघाल्या. तेथील बायांना हवी होती धड लुगडी, आतले कपडे, बाळंतिणीसाठी मऊ सुती फडकी. निम्मा ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजून कुजला आणि तो उचलण्याचे काम पूरग्रस्तांच्याच गळ्यात पडले. चूक आमची होती. म्हणून सेवाभावी संस्था हे काम कसे करतात ते आम्ही नंतर नीट समजून घेतले.

पहिल्या दोन दिवसांत जीव वाचवतात ते शेजारी, आणि ज्यांच्याकडे होडी आहे ते. केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये कोळी बांधवांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून पूरग्रस्त भागांत नेल्या व हजारो माणसे बाहेर काढली. बाहेरच्या संस्थेचा खरा उपयोग त्यानंतर सुरू होतो.

छावणीत प्रथम पाहायचे ते पाणी आणि संडास. रेड क्रॉस व इतर संस्थांनी १९९७ पासून 'स्फिअर' नावाचे मापदंड ठरवले आहेत. त्यांप्रमाणे माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक संडास लागतो. शाळेत दोनशे माणसे उतरली तर रोज ३,००० लिटर पाणी व दहा संडास हवेत. आपल्या खेड्यातील शाळेत किती असतात, हे वाचकांनीच आठवावे! म्हणून जाणती संस्था बिस्किटांच्या पुड्यांआधी टँकर आणि तात्पुरत्या संडासांची सोय पाहते, आणि बायांच्या संडासाला आतून कडी व बाहेर दिवा आहे ना, हेही पाहते. जुलाब सुरू झाल्यास क्षारसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

पाणी ओसरले की वर्तमानपत्रवाले जातात आणि विहिरीचा प्रश्न उरतो. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी पूर्ण उपसून गाळ काढावा. नवे पाणी आल्यावर मोजमाप घ्यावे: व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे लिटर झाले. दर हजार लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ तेवढे विहिरीत सोडून पाणी ढवळावे. तासाभराने आरोग्य सेवकाकडून क्लोरीन तपासून घ्यावे. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले नाही, तर पुन्हा पावडर घालावी लागते. गाळ उपसणाऱ्यांनी अनवाणी उतरू नये. पायाच्या जखमेतून लेप्टोचे जंतू शिरतात. ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हा गाळ उपसण्याचे काम संस्था गावकऱ्यांनाच रोजावर देतात. याने दोन गोष्टी साधतात. गाव स्वच्छ होते, आणि बुडालेल्या हंगामात घरात रोख पैसा येतो. बाजार चालू असेल तेथे वस्तूंपेक्षा रोख मदत बरी, कारण कोणाला पत्रा हवा, कोणाला शेळी, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. "पैसे दारूत जातील" असे आम्हांला पुष्कळांनी सांगितले. संस्था बहुधा घरातील बाईच्या खात्यावर रक्कम भरतात.

दुसरे काम कागदांचे. सरकारी भरपाई पंचनाम्यावर मिळते, आणि रेशन कार्ड, उतारा, बँकेचे पुस्तक तर पुरात गेलेले. आपल्या सीमाभागात अर्ज कानडीत असतो. मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या बाईला तो वाचता येत नाही, आणि घर अजून सासऱ्याच्याच नावावर असते. तेव्हा शेजारी बसून अर्ज भरून देणारा एक कार्यकर्ता तिला टेम्पोभर कपड्यांपेक्षा मोलाचा. बिशप परिषदेने १९६२ साली स्थापन केलेल्या कारितास इंडियासारख्या संस्था स्थानिक धर्मप्रांताच्या समाजसेवा केंद्रामार्फत काम करतात, ते या ओळखीपाळखीसाठीच.

शेतीत तर वेळेलाच किंमत आहे. शेंड्यावरून बरेच दिवस पाणी गेलेला ऊस कुजतो. सोयाबीन तर हातचे जातेच. पण वाफसा आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळू आणि हरभरा पेरता येतो. बियाणे तोवर हाती पडले पाहिजे. डिसेंबरात वाटलेले बियाणे लोक दळून खातात. जनावरांना नुसत्या उसाच्या वाढ्यांवर ठेवू नये, त्याने अंगातील चुना कमी होतो. सोबत कडबा व क्षारमिश्रण द्यावे. घटसर्प आणि फऱ्या यांची लस मात्र पावसाळ्यापूर्वीच टोचलेली हवी.

यंदा मे महिन्यात आपल्या धर्मग्रामाच्या कोठीत दोर, ताडपत्री, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ब्लीचिंग पावडर ठेवली जाईल. गेल्या वर्षीची पावडर घेऊ नये, तिचा जोर उडालेला असतो. जुने कपडे कृपया आणू नयेत.