आरशापेक्षा जीभ खरी

दात घासायला शिकवण्याची आपली सगळी रीत डोळ्यांवर उभी आहे. शिक्षक ब्रश फिरवून दाखवतात, भिंतीवर तक्ता असतो, घरी आरसा असतो. दातांवरचा थर दिसावा म्हणून दंतवैद्य रंग चढवणारे द्रावण लावतात. दृष्टिहीन मुलापर्यंत यातले काहीच पोचत नाही. त्याच्या वाट्याला येते ती ‘नीट घास’ एवढी सूचना, आणि पुढे हिरड्या सुजल्या की खापर अंधत्वावर फुटते. वास्तविक हिरड्या सुजतात त्या दातांवर राहून गेलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे, आणि हा थर जिभेला उत्तम कळतो. बारीक स्पर्श ओळखण्यात जिभेचे टोक बोटांच्या टोकांच्याही पुढे असते. घासलेला दात तिला गुळगुळीत लागतो, न घासलेला खरखरीत, बुळबुळीत.

बेळगावचे दंतवैद्यक संशोधक ममता हेब्बाळ आणि अनिल अंकोला यांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धत नेमकी यावर बेतलेली आहे. आधी सगळे तोंडी समजावायचे. मग जबड्याचा मोठा नमुना मुलाच्या हातात द्यायचा. दाढेचा चघळायचा भाग, गालाकडची बाजू, जिभेकडची बाजू, दात आणि हिरडी यांची सीमा, हे सारे बोटांनी चाचपू द्यायचे. त्याच नमुन्यावर मुलाचा हात धरून ब्रश गोल गोल फिरवायचा. शेवटी मुलाने स्वतःचे दात घासायचे आणि प्रत्येक दातावरून जीभ फिरवून ते तपासायचे. या शिकवणीनंतर मुलांच्या दातांवरचा थर लक्षणीय घटलेला आढळला. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ तर अशा चाचपण्यातच सापडते. ती कुठलाही दुधाचा दात न पडता मागे, गुपचूप उगवते आणि डोळस घरांतही तिच्याकडे दुर्लक्ष होते.

यावर आक्षेप असा, की कोणी तपासायला येणार हे कळल्यावर मूल जरा जास्तच घासते. चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही शिकवण एका शिबिरात उरकून चालणार नाही, ती वसतिगृहाच्या सकाळ-रात्रीच्या वेळापत्रकात बसायला हवी आणि तिथल्या काळजीवाहकांनाही द्यायला हवी. दुसरा आक्षेप जिभेच्या मर्यादेचा. दोन दातांमधली फट आणि सुरुवातीची कीड जिभेला कळत नाही, हे खरेच. पण ती आरशातही सहसा दिसत नाही. तिच्यासाठी दंतवैद्यच लागतो. आणि मागच्या दाढांची आतली बाजू आरशात नीट पाहतो तरी कोण? तिथे डोळस माणूसही अंदाजानेच घासत असतो.

उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्याला या शिकवणीसाठी दूर जायला नको. जिल्ह्यातच लोणीला प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. शिवाय सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांमध्ये शोधायच्या आजारांच्या यादीत दंतक्षयही आहे. तेव्हा दृष्टिहीन मुले जिथे शिकतात त्या प्रत्येक शाळेत एक मोठा जबडा आणि एक ब्रश कायमचा ठेवायचा, महाविद्यालयातल्या विद्यार्थी दंतवैद्यांनी ठरावीक काळाने येऊन मुलांच्या दातांवरचा थर मोजायचा आणि वसतिगृहाच्या वहीत त्याची नोंद करायची. पेस्टचा प्रश्नही सोपा आहे : ती ब्रशवर नेम धरून न लावता वाटाण्याएवढी बोटावर घ्यायची आणि तिथून दातांना लावायची.