महाबली पोरांची नियमावली

खेळ म्हटला की पट हवा, सोंगट्या हव्यात आणि शेवटी कोणी तरी हरायला हवे, अशी आपली पिढीजात समजूत आहे. ज्यात हार-जीतच नाही आणि तरी ज्याची नियमावली क्रमिक पुस्तकाहून जाड आहे, त्या खेळाला काय म्हणावे? पुण्यात शिकणाऱ्या आमच्या भाच्याने असले एक इंग्रजी पुस्तक सुट्टीत पातूरला आणले. 'मास्क्स', म्हणजे मुखवटे, हे त्याचे नाव, लेखक ब्रेंडन कॉन्वे, साल २०१६. दोन रात्रींत मी ते वाचून काढले.

हा खेळ बोलून खेळायचा. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे. अशा खेळांपैकी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेत १९७४ साली निघाला. पुढे अचाट शक्तीच्या सुपरहिरोंचेही खेळ आले. भारुडातली सोंगे पाहिलेल्या मराठी माणसाला यात परके वाटण्याजोगे फारसे नाही. फरक इतकाच, की इथे संवाद पाठ नसतात आणि संकटात काय घडेल ते फासे ठरवतात. दोन फासे टाकायचे, त्यांत आपल्या अंगचा आकडा मिळवायचा. १० किंवा अधिक आले तर फत्ते. ७ ते ९ आले तर काम होते, पण काही किंमत मोजून. ६ किंवा कमी आले तर बेत फसतो. मात्र फसलेला बेत अनुभव म्हणून जमा होतो, आणि अशा ५ नोंदी झाल्या की नायक एक पायरी वर चढतो!

हे अंगचे आकडे कसले? किती मण उचलतो, किती वेगाने उडतो, यांचे नव्हेत. यातले नायक विशीच्या आतली पोरे आहेत आणि त्यांचे आकडे पाच: धोकादायक, विक्षिप्त, तारणहार, श्रेष्ठ आणि चारचौघांसारखा. पोर स्वतःला काय समजते, याचे हे माप. आणि ते स्थिर नाही. ज्याचा त्याच्यावर प्रभाव आहे (वडीलधाऱ्यांचा तो नियमानेच असतो) तो माणूस 'तू असा आहेस' म्हणाला, की एक आकडा चढतो, दुसरा उतरतो. मोक्षपटावर शिडी पुण्याची आणि साप पापाचा. इथे शिडी आणि साप दोन्ही दुसऱ्याच्या जिभेवर! ते बोलणे झिडकारायचे तरी फासे टाकावे लागतात. फासे उलटले तर बोल अधिकच खोल रुततो. जखमांचा हिशोबही रक्ताने नाही. भीती, राग, अपराधीपणा, निराशा आणि न्यूनगंड या त्याच्या पाच खुणा.

इमारत उचलणारा वीर बापाच्या एका वाक्याने खचतो, हे वाचून कोणाला हसू येईल. पण आमच्या पातुरात पोराला रस्त्यात अडवून 'कोनाचा पोट्टा व्हय रे तू?' असे विचारणारी माणसे आहेत. उत्तर ऐकले की 'बापाचं नाव काढजो' किंवा 'बापावरच गेला' असे सांगून ती मोकळी होतात. त्या पोराचा कोणता आकडा चढला, कोणता उतरला, कोण बघतो? निकालाच्या दिवशी शहरातल्या घरांतही याहून निराळे घडत नाही. आम्ही मास्तर मंडळी तर 'हुशार' आणि 'ढ' या दोन शब्दांवर वर्ष काढतो.

एक गोष्ट मात्र पटली नाही. सूत्रधार कधी फासे टाकीत नाही, आणि वडीलधाऱ्या पात्रांना हे पाच आकडेच नाहीत. खऱ्या घरात तसे नसते. मुलाचे एक उलट उत्तर बापाचेही आकडे रात्रभर हलवीत राहते.

तरी एका नियमासाठी आईबापांनी हे पुस्तक मुलांकडून मागून घेऊन वाचावे. खचलेल्या सवंगड्याला धीर द्यायचा असेल, तर फाशांत कोणता आकडा मिळवायचा? 'तारणहार' नव्हे, 'श्रेष्ठ' तर नव्हेच. तिथे उपयोगी पडतो तो 'चारचौघांसारखा'.