सेक्रेटरी: साहेब, कारकून की आणखी कोणी?

ठाण्याच्या नौपाड्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या इमारतीत शिरा. जिन्यापाशी काचेचा नोटीस बोर्ड, त्याला चिमुकलं कुलूप, आत मीटिंगची नोटीस आणि खाली शिक्क्यावर सही: मानद सचिव. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे, सोसायटी त्याच्या हातात, असं निम्म्या सभासदांना वाटतं. उरलेल्या निम्म्यांच्या लेखी सेक्रेटरी म्हणजे नळाला पाणी आलं नाही की रात्री अकरालाही ज्याची बेल वाजवावी असा बिनपगारी माणूस.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘सेक्रेटम’, म्हणजे गुपित आहे. राजाची किंवा बड्या धर्मगुरूची गुपितं सांभाळणारा तो सेक्रेटरी. गुपितं पत्रांतून जायची, म्हणून लिहिणाराही तोच. सेक्रेटरी म्हणजे साहेबाची पत्रं टाइप करणारा, हा समज टाइपरायटर आल्यानंतरचा. त्याआधीच हा शब्द मंत्रिपदाला लागला होता. १८५८ पासून लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ला मराठी वर्तमानपत्रं भारतमंत्री म्हणत. आपला चिटणीसही लेखणीतूनच आला: चिठ्ठी आणि फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना कोणी नुसता कारकून म्हणणार नाही.

गंमत अशी, की नावातच गुपित असलेल्या या माणसाला सोसायटीत फारसं काही लपवता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीचीसुद्धा इतिवृत्तं सोसायटीच्या कार्यालयात फुकट बघता येतात. प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज करायचा, ठरलेली फी भरायची. मग त्या द्यायलाच लागतात. ‘कमिटीची मिनिट्स दाखवता येत नाहीत’ हे वाक्य कितीही ठसक्यात ऐकवलं तरी त्याला आधार नाही.

एनओसीचंही तसंच. फ्लॅट विकायला सेक्रेटरीची परवानगी लागते, ही समजूत एजंटांनीही जपलेली आहे. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरजच नसते. बँकेला वगैरे हवा असेल आणि त्यासाठी अर्ज आला, तर निर्णय कमिटी घेते, एकटा सेक्रेटरी नव्हे. हस्तांतर शुल्कालाही २००१ पासून महापालिका हद्दीत २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्यावर ‘डोनेशन’ मागणं बेकायदा.

मुळात सर्वसाधारण सभा निवडते ती कमिटी. अध्यक्ष, सचिव, खजिनदार कमिटी आपल्यातून ठरवते. सभा बोलावणं, इतिवृत्त लिहिणं, दप्तर सांभाळणं ही सचिवाची कामं. वाचायला सोपी वाटतात. पार्किंगवरून तापलेल्या सभेचं इतिवृत्त सगळ्यांना मान्य होईल असं लिहून बघावं.

आता नौपाड्यात घरोघरी विषय पुनर्विकासाचा, आणि जिन्यातली कुजबुज ठरलेली: ‘सेक्रेटरीने बिल्डर फिक्स केलाय.’ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासक निवडीच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात, निबंधकांचा प्रतिनिधी बसतो, व्हिडिओ चित्रीकरण होतं आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. त्या मोजणीत सेक्रेटरीचं मत एकच धरतात, तेही तो सभासद आहे म्हणून.